मीठ, मेथी आणि धूर : पास्ट्रामीची गोष्ट

आजच्या भागात आम्ही एका परक्या पदार्थाची गोष्ट घेऊन आलो आहोत. त्याचं नाव पास्ट्रामी. अमेरिकेतल्या न्यूयॉर्क शहरात या नावाला मोठा मान आहे. मांसाचा जाड तुकडा मिठाच्या पाण्यात काही दिवस मुरवायचा, त्याला धने-मिऱ्यांची जाडसर भरड चोळायची, धुरावर ठेवायचा, मग वाफवून मऊ करायचा आणि पातळ काप करून पावात घालून खायचा. तिथली माणसं त्यासाठी दुकानापुढे रांगा लावतात.

आपल्या गटांत कित्येकजणी माळकरी आहेत, काहीजणी मांसाला शिवतही नाहीत. त्यांना आमची विनंती एवढीच, की आज पदार्थाकडे पाहू नका, त्यामागच्या हिशेबाकडे पाहा. कारण ही गोष्ट मुळात अन्न टिकवण्याची आहे. कुरडया, सांडगे, खारातली मिरची, वाळवलेली मासळी, हे सगळं आपण ज्या कारणानं करतो त्याच कारणानं पास्ट्रामी जन्माला आली. घरात हे काम चालतं तोवर त्याला कुणी कसब म्हणत नाही. ते दुकानात गेलं की त्याला नाव मिळतं, भाव मिळतो. मग तो भाव कोण ठरवतं, आणि त्यात बाईचा शब्द किती चालतो? पास्ट्रामीच्या गोष्टीत याचं एक चांगलं उत्तर सापडतं. तिथवर जायला मात्र आधी तुर्कस्तानात जायला हवं.

कायसेरीचं वाळवण

तुर्कस्तानच्या मधोमध, उंच पठारावर कायसेरी नावाचं जुनं शहर आहे. तिथं मांस टिकवण्याची एक रीत शेकडो वर्षांपासून चालत आली आहे. तिला पास्तिर्मा म्हणतात. तुर्की भाषेत ‘दाबणं’ या अर्थाचं जे क्रियापद आहे, त्यावरून हा शब्द आला. मांसाला मीठ लावायचं, वजनाखाली दाबून त्यातलं पाणी काढायचं, वाऱ्यावर टांगून सुकवायचं. मग त्यावर एक जाड लेप द्यायचा. त्या लेपाला तिथं चेमेन म्हणतात, आणि बायांनो, त्यातली मुख्य वस्तू आहे मेथी! मेथीदाण्याचं पीठ, लसूण आणि लाल मिरची पाण्यात कालवून हा लेप करतात. मेथी भिजली की किती बुळबुळीत होते हे आपल्याला ठाऊक आहेच. तोच चिकटपणा लेपाला मांसावर धरून ठेवतो आणि आतलं मांस हवेपासून राखतो.

या पास्तिर्माला धूर देत नाहीत. सगळं काम मीठ, वजन आणि वारा यांचं. थंडी पडायच्या आधी, साधारण नोव्हेंबरात, तिकडे काही दिवस पुन्हा ऊबदार होतात. आपल्याकडे ऑक्टोबर हीट म्हणतात, तसं तिथं त्या दिवसांना लोक ‘पास्तिर्माचा उन्हाळा’ म्हणतात. आपल्याकडे वाळवणाचे दिवस म्हणजे चैत्र-वैशाख, तसे त्यांचे ते दिवस. सतराव्या शतकात एव्लिया चेलेबी हा तुर्की प्रवासी देशोदेशी फिरून लिहीत असे. त्याच्याही लिखाणात कायसेरीच्या पास्तिर्माचा उल्लेख आहे. तुर्कांबरोबर तिथले आर्मेनियन लोकही या कामात वाकबगार होते, आणि ते जिथं जिथं गेले तिथं तिथं हा पदार्थ घेऊन गेले.

घोडेस्वार खोगिराखाली मांस दाबून ठेवत आणि त्यातून हा पदार्थ झाला, अशी एक गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. ऐकायला ती गंमतशीर आहे. पण मीठ किती, वजन किती, किती दिवस टांगायचं, हे सगळं घोडदौडीत जमत नाही. त्याला एका जागी बसून, वर्षानुवर्षं पाहून केलेला हिशेब लागतो.

रोमानियातली हंसाची छाती

तुर्की सुलतानाचं राज्य युरोपात दूरवर पसरलं होतं. आज ज्याला आपण रोमानिया म्हणतो, ते मुलूख सुलतानाला खंडणी देत. तुर्कांच्या वावराबरोबर पास्तिर्मा तिथं पोचला आणि त्याचं नाव झालं पास्त्रामा. तिथं तो बहुतेक मेंढीच्या मांसाचा करत. त्या देशात राहणारे यहुदी लोक मात्र तो हंसाच्या मांसाचाही करू लागले. हंस म्हणजे चित्रातला नव्हे. बदकाहून मोठा, मान ताणून माणसाच्या अंगावर धावून येणारा पाळीव पक्षी.

हंसच का, हे समजून घ्यायला यहुद्यांचे खाण्याचे नियम माहीत हवेत. यहुदी आपल्याला अनोळखी नाहीत. रायगड जिल्ह्यातल्या अलिबाग, रेवदंडा, पेण या भागांत बेने इस्राएल समाज शेकडो वर्षं राहिला. मराठी ही त्यांची घरची भाषा. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी काम बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. पास्ट्रामीशी त्यांचा संबंध नाही, पण धर्माचे नियम तेच. डुकराचं मांस वर्ज्य. मांस आणि दूधदुभतं एकत्र खायचं नाही. मांसातलं रक्त काढून टाकायचं. त्यासाठी मांस अर्धा तास पाण्यात ठेवायचं, मग मीठ लावून तासभर ठेवायचं, मग धुवायचं. कापणारा पुरुष असे, पण हे भिजवणं-मिठवणं घरोघरी बाईच करी.

आता पाहा. रोमानियात थंडी कडाक्याची. शेजारचे लोक डुकराची चरबी वापरत, ती यहुदी बाईला चालत नाही. मांसाच्या पदार्थाला लोणी चालत नाही. तेल महाग. मग फोडणीला काय? हंसाची चरबी. म्हणून बाया हंस पाळत, त्यांना दाणा घालून पुष्ट करत. थंडीत हंस कापला की चरबी कढवून बरण्यांत भरायची, पिसांच्या उशा-दुलया करायच्या, काळीज वेगळं काढायचं, आणि छातीच्या मांसाला मीठ-मसाला लावून धुरावर टांगायचं. एका पक्ष्यातलं काही वाया जायचं नाही. आपल्या आजीनं कैरीच्या कोयीसुद्धा टाकल्या नाहीत, तीच ही काटकसर.

न्यूयॉर्कच्या चाळीत

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी रोमानियातल्या यहुद्यांचे दिवस वाईट आले. १८७८ च्या बर्लिन करारात त्यांना बरोबरीचे हक्क देण्याची अट युरोपातल्या मोठ्या राज्यांनी घातली होती, पण रोमानियानं बहुतेकांना नागरिक मानलंच नाही. धंद्यांवर बंधनं आली. १८९९-१९०० च्या सुमारास तर पीक बुडालं, उपासमार झाली, आणि तरुणांचे जथे पायी बंदराकडे निघाले. तिकिटापुरतेही पैसे नव्हते. गावोगावी गाणी-नाटकं करून ते वाटखर्च जमवत. १८८१ पासून १९१४ पर्यंत हजारो रोमानियन यहुदी समुद्र ओलांडून अमेरिकेला गेले. त्यांतले पुष्कळ न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड या वस्तीत उतरले.

ती वस्ती म्हणजे आपल्या मुंबईच्या गिरणगावातल्या चाळींसारखी. दोन-तीन खोल्यांत मोठं कुटुंब, वर भाडं भागवायला ठेवलेले पोटभाडेकरू, तिथंच शिलाईचं काम. हंस कुठं पाळणार? धूर कुठं करणार? हंस बाजारात मिळे, पण महाग. गोमांस मात्र त्या देशात स्वस्त होतं, कारण पश्चिमेकडच्या विस्तीर्ण कुरणांतली गुरं रेल्वेनं शहरात येत. त्यातही पोटाकडचा, चरबीचा, चिवट भाग सर्वांत स्वस्त. तोच भाग या लोकांनी पास्त्रामासाठी घेतला. चिवट मांसाला मीठ मऊ करतं, धूर चव देतो, आणि शेवटची वाफ उरलेला चिवटपणा घालवते. इथं मेथीचा लेप मागे पडला आणि धने-मिरे पुढे आले. पास्त्रामाचं पास्ट्रामी झालं. ते बहुधा बाजारातल्या सलामी नावाच्या दुसऱ्या पदार्थाशी यमक जुळवून.

पहिलं दुकान कुणाचं, यावर तिथं अजून वाद आहेत. एक गोष्ट अशी सांगतात, की सुसमान व्होल्क नावाच्या खाटकानं एका रोमानियन मित्राची पेटी सांभाळायला ठेवून घेतली आणि त्या उपकारापोटी मित्रानं त्याला पास्ट्रामीची कृती दिली. ही कुटुंबातली आठवण आहे, पुरावा नव्हे. आम्हाला मात्र या गोष्टीत एक खटकतं. कृती एका पुरुषानं दुसऱ्या पुरुषाला दिली, इथून ती सुरू होते. हंसाला दाणा घालणारी, मांस मिठवणारी बाई त्यात कुठंच नाही.

घरात जागा नाही म्हणून काम दुकानात गेलं. दुकानाला पाटी लागली, पाटीवर मालकाचं नाव आलं. घरचं काम बाजारात गेलं, की असंच होतं. पापड घरचे, आणि ठसा दुसऱ्याचा, हे आपण पाहतोच.

बायकांचा संप, १९०२

पण त्याच वस्तीत, त्याच वर्षांत, बायकांनी एक गोष्ट केली. ती पास्ट्रामीच्या दुकानात लिहिलेली नसते, म्हणून आम्ही ती मुद्दाम सांगतो.

१९०२ च्या मे महिन्यात तिथं यहुदी धर्मनियमांप्रमाणे कापलेल्या मांसाचा भाव वाढला. एका पौंडाला, म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅमला, १२ सेंट पडत, त्याचे १८ सेंट झाले. दीडपट. घाऊक बाजार काही बड्या कंपन्यांच्या मुठीत होता. आधी किरकोळ खाटकांनी दुकानं बंद ठेवून पाहिलं, पण भाव न उतरताच त्यांनी ती पुन्हा उघडली. तेव्हा फॅनी लेव्ही आणि सारा एडलसन या दोघी पुढे झाल्या. फॅनीचा नवरा कोट शिवणारा कामगार, साराचं छोटं खानावळीचं दुकान. पुरुषांचा संप फसला, आता बायकांचा करून दाखवू, असं ठरवून दोघींनी दारोदार फिरून बायका गोळा केल्या.

१५ मे रोजी हजारो बायका रस्त्यावर उतरल्या. दुकानांपुढे उभ्या राहिल्या, मांस घेऊन निघालेल्यांना अडवलं, कित्येक ठिकाणी मांस रस्त्यावर फेकलं. पोलिसांनी लाठ्या चालवल्या. त्या दिवशी ८५ जणांना पकडलं, त्यांत बहुतेक बायकाच होत्या. शनिवारी त्या प्रार्थनास्थळांत गेल्या आणि धर्मग्रंथाचं वाचन थांबवून, व्यासपीठावर चढून त्यांनी पुरुषांना पाठिंबा मागितला. त्या काळी तिथं बाईनं असं बोलणं ही साधी गोष्ट नव्हती.

मारझोड झाली, तिचं कौतुक आम्ही करत नाही. आम्हाला त्यांच्या कामाची रीत लक्षात ठेवावीशी वाटते. त्यांच्याकडे कारखाना नव्हता, मताचा अधिकारही नव्हता. होती ती रोजच्या खरेदीची पिशवी. रोज कोण काय घेतं, किती घेतं, कुठल्या मजल्यावर कोण राहतं, हे त्यांना पाठ होतं. तेवढ्या माहितीवर त्यांनी समिती केली, वर्गणी जमवली, अटकेतल्या बायकांच्या जामिनाची आणि दंडाची सोय पाहिली. जूनमध्ये भाव १४ सेंटांवर उतरला. पूर्वीच्या १२ वर गेला नाही, पण १८ वरही राहिला नाही. पुढे १९१७ मध्ये अन्नधान्य महागलं, तेव्हा न्यूयॉर्कच्या बायका पुन्हा अशाच रस्त्यावर आल्या.

म्हणजे पास्ट्रामीच्या पाटीवर बाईचं नाव आलं नाही हे खरं. पण ज्या मांसापासून ती बनते, त्याचा भाव एकदा तरी बायकांनी उतरवून दाखवला.

मिठाचं माप

आता कामाचं बोलू. मीठ, वाळवण, धूर यांनी अन्न का टिकतं? मीठ पाणी ओढून घेतं. पाणी कमी झालं की जंतूंना वाढता येत नाही. धुरातही जंतूंना मारक द्रव्यं असतात, आणि तो वरचा थर कोरडा करतो. पण यातलं एकही अर्धवट झालं, तर धोका मोठा.

बेल्जियम देशातल्या एल्झेल या गावात १८९५ च्या डिसेंबरात अंत्यविधीला वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं, न शिजवलेलं डुकराचं मांस खाल्लं. कित्येकजण आजारी पडले, तिघांचा जीव गेला. एमिल व्हॅन एर्मेंगेम या शास्त्रज्ञानं त्या मांसातून जंतू शोधून काढला. हवा न लागणाऱ्या जागी तो वाढतो आणि जबर विष तयार करतो. मांसाला वास येतोच असं नाही.

म्हणून मांस खारवताना जुन्या काळी लोक मिठात थोडा सोरा घालत. आता कारखान्यांत त्याऐवजी नायट्राइट हा क्षार मोजून घालतात. पास्ट्रामीचा गुलाबी रंग त्यामुळेच राहतो. हा क्षार किंचित जास्त झाला तरी विषारी. म्हणून तो साध्या मिठात अगदी थोडा मिसळतात आणि चुकून जेवणात पडू नये म्हणून त्या मिठाला गुलाबी रंग देतात. हे गुलाबी मीठ किलोभर मांसाला अडीच ग्रॅमच्या आसपास लागतं; ते चमच्यानं नव्हे, बारीक काट्यावर तोलायचं. आमचा सल्ला स्पष्ट आहे. घरी ते वापरू नका, आणि बाजारातला सोरा तर मुळीच नको. आणखी एक. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं असं टिकवलेलं मांस कर्करोगाला कारण ठरणाऱ्या पदार्थांत धरलं. तेव्हा हा रोजचा घास नव्हे.

आपल्या राज्यात गाय-बैलाच्या मांसावर कायद्यानं बंदी आहे, त्यामुळे न्यूयॉर्कची कृती इथं जशीच्या तशी होणार नाही. पण कोंबडीची एक साधी, त्याच दिवशी शिजवून खायची घरगुती रीत सांगतो. अर्धा किलो बिनहाडाची छाती घ्या. लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम मीठ, चमचाभर गूळ आणि ठेचलेला लसूण घालून त्यात ती बुडवा आणि फ्रीजमध्ये आठ-दहा तास ठेवा. फ्रीज नसेल तर रात्रभर ठेवू नका; तासाभरात काढा. धुऊन, फडक्यानं कोरडी करा. धने आणि मिरे समभाग भरडून, चिमूटभर मेथीपूड घालून सगळीकडे चोळा. झाकणाच्या पातेल्यात वाटीत निखारा ठेवून, त्यावर तूप सोडून दहा मिनिटं धुंगार द्या. मग अर्धा तास वाफवा. सर्वांत जाड जागी कापून पाहा. आत गुलाबी दिसलं किंवा रस लालसर निघाला तर आणखी वाफवा. गार झाल्यावर आडवे पातळ काप करा. फ्रीजमध्ये दोन दिवस, फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपवा.

धुंगार अंगणात द्या, बंद खोलीत नको. चुलीच्या धुरानं आपल्या बायांची छाती आधीच भरलेली आहे.

आपल्या मांडवावर

अन्न टिकवण्याचं हे ज्ञान आपल्याकडेही आहे. कोकणात कोळणी बांबू-दोरीच्या मांडवांवर बोंबील वाळवतात, बांगडे खारवतात. गोव्यात डुकराचं मांस मीठ, मिरची, लसूण आणि शिर्का लावून आतड्यात भरतात, उन्हात वाळवतात, धूर देतात. त्या चोरिसांच्या माळा म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बायकाच विकायला बसतात. घाटावर सांडगे, खारवड्या, पापड. प्रत्येक ठिकाणी कुणीतरी म्हातारी असते, जिला विचारलं की ‘मीठ किती?’ ती म्हणते, ‘अंदाजानं.’

तो अंदाज मोठ्या मोलाचा आहे, पण तो हातातच राहिला तर हाताबरोबर जाईल. कायसेरीचं नाव टिकलं, न्यूयॉर्कच्या दुकानांचं नाव टिकलं, आणि रोमानियाच्या त्या बायका बिननावाच्या राहिल्या. त्यांचं माप त्यांच्या नावासह कुणी लिहून ठेवलं नाही.

तेव्हा गटाच्या पुढच्या बैठकीला वजनकाटा आणि वही घेऊन या. गटातल्या सर्वांत जाणत्या बाईला तिच्या सवयीप्रमाणे मीठ घालू द्या, फक्त घालण्याआधी ते तोला. किलोला किती मीठ, किती दिवस ऊन, कुठल्या महिन्यात, हे तिच्या नावासह लिहा. विकायचं असेल तर अन्न सुरक्षेची नोंदणी करून घ्या. आणि किंमत काढताना मीठ, मिरची, तेल यांच्याबरोबर उन्हात घालवलेले तास धरायला विसरू नका. त्या तासांचा दर गटात बसून सगळ्याजणींनी मिळून ठरवा. व्यापारी दारात यायच्या आधी.